ज्याच्या छातीत यंत्र आहे त्याला

शिवणकाम करणारी बाई छातीतल्या पेसमेकरच्या नेहमीच्या तपासणीला आली होती. बाकावर शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसले होते. सुनेच्या हातात कोर्टाच्या आदेशावरून पेसमेकर कंपनीने पाठवलेलं पत्र होतं.

“कोर्टाला कशाला माझ्या हृदयाची काळजी?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाबा, तुमच्यासारखाच पेसमेकर एका बाईच्या नवऱ्याला बसवला होता. तो अचानक बंद पडला.”

“आणि नवरा?”

“गेला. मग ती बाई कोर्टात गेली.”

“अरेरे! कंपनीला दोष ठाऊक नव्हता?”

“होता की. कंपनी म्हणाली, आम्ही हॉस्पिटलला कळवलं. हॉस्पिटल म्हणालं, आम्ही डॉक्टरांना सांगितलं.”

“म्हणजे सगळ्यांनी हात झटकले.”

“हो ना. मग न्यायाधीशांनी विचारलं, ज्याच्या छातीत यंत्र होतं त्याला कुणी सांगितलं?”

“शाब्बास! मग?”

“कुणीच सांगितलं नव्हतं. आता कंपनीने प्रत्येक पेशंटला थेट पत्र पाठवायचं, असा निकाल लागलाय. तुमचा पेसमेकर त्याच बॅचचा आहे.”

“त्या बाईला काय मिळालं?”

“तिने स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. पत्रं पाठवा, एवढंच.”

शिवणकामवालीने पर्समधून आपलं पेसमेकरचं कार्ड काढलं.

“काका, त्या पत्रातला बॅच नंबर जरा वाचता का? आम्ही घर बदललंय, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल.”

सासऱ्यांनी सुनेकडून पत्र घेतलं, चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचला. ती कार्डावरून बोट सरकवत राहिली.

“झाला नंबर. जुळला का?”

“सगळा जुळला.”

“मग ताई, आमच्या आधी तुम्ही आत जा,” सासरे म्हणाले.