जर्मनीत नेलेले नारळ

फेस्टिवलचं नाव काढलं का डोकं भणभणते माह्यं, तरी सांगतो, चहा तुमचा हाये म्हणून.

आपला वऱ्हाडी पिक्चर जर्मनीच्या फेस्टिवलले गेलता ना, तवा मी डायरेक्टर आन् महागावचे भाऊसाहेब प्रोड्यूसर, असे दोघंच गेलतो. हॉल दोन तासांसाठी भेटला, पिक्चर पावणेदोन तासाचा. भाऊसाहेब भली मोठी बॅग घेऊन सरळ स्टेजवर चढले. बॅगेत शाली आन् नारळ!

मी म्हटलं, "कायले भाऊसाहेब? पिक्चर सुरू होऊ द्या ना."

"सत्कार केल्याबिगर? गावात तोंड दाखवाचं हाये मले!"

मंग आयोजक बाईचा सत्कार, परीक्षकांचा सत्कार, दारावर तिकीट पाहणाऱ्याचा सत्कार. मशीनवाल्याले तं वरून खाली बोलावून शाल घातली. अर्धा तास गेला. मंग कुठं पिक्चर लागला.

शेवटाले हिरोईन बापाले जाब विचाराले तोंड उघडते, तेवढ्यात दोन तास भरले आन् मशीनवाल्यानं पिक्चर बंद केला. आपलीच शाल पांघरून बंद केला लेकानं!

वापस आलो. राळेगावात पडदा बांधला. मी हात जोडले, "इथं तरी शेवट पाहा गा."

भाऊसाहेबांनी माइक धरला, "पह्यले जर्मनीले जाऊन आलेल्या आपल्या डायरेक्टरचा सत्कार!"

तीन तास चालला. लोक उठून जेवाले गेले.

हिरोईन बापाले काय म्हणते, ते पाहणारा अजून एक माणूस भेटला नाही मले. शाल मात्र भेटली.