उजवीकडून शिवलेलं मॅन्युअल

अरे, मी बहरैनला बँकेत होतो, तिथे कॉम्प्युटर नवे होते तेव्हाची गोष्ट. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलचे मथळे, समास आठवडाभर नीट करून मी ते नईमच्या प्रेसमध्ये बांधायला दिलं. तिथल्या कारागिरांनी सवयीने अरबी पुस्तकासारखं उजवीकडून शिवलं! दोन्हीकडे समास सारखे ठेवले होते म्हणून अक्षरं तरी शिवणीत गेली नाहीत.

आमचे देशपांडेसाहेब भडकले, "इंग्रजी मॅन्युअल असं? तुझा व्हिसा खलास समज!"

तेवढ्यात बहरैनी मॅनेजर आले. त्यांनी नेहमीसारखं उजवीकडून उघडलं, तर समोर पहिलं पान. खूश होऊन म्हणाले, "इंग्रजी पुस्तकात दरवेळी मला आधी शेवटचं पान दिसतं. ही कल्पना कुणाची?"

"माझी, सर," देशपांडे म्हणाले.

माझा व्हिसा वाचला होता. कल्पना त्यांची तर त्यांची!