खडीवर चालेल अशी सायकल

—नाही नाही, तुम्ही उठू नका दादा, तुमचं काम चालू द्या. ते चाक आवळत होतात ना, आवळा. मी इथे हवेच्या पंपाशेजारी बसते, मला स्टूल चालतं. येतीलच आमचे हे. मैदानाला एक फेरी मारून येतो म्हणालेत, म्हणजे दोन मारतील, मला माहीत आहे ना. पण ते येईपर्यंत माझं एक काम करायचंय तुम्ही. अगदी छोटं काम. ते आले ना, की त्यांना म्हणायचं — ही सायकल तुमच्या मापाची नाही. बस, एवढंच. फ्रेम लहान पडते म्हणा, मोठी पडते म्हणा, तुम्हाला काय सुचेल ते. आणि मापाची मागवतो म्हणाले तर कंपनीनं बनवणंच बंद केलंय म्हणा. असं बघू नका हो माझ्याकडे. दुकानात येऊन स्वतःचंच गिऱ्हाईक तोडायला सांगणारी बाई कुठे बघितली नसेल तुम्ही. पण मी काही वेडी नाही. निदान सकाळी घरातून निघाले तेव्हा तरी नव्हते.

तुमची काही चूक नाही, तुम्ही सायकल दाखवली, चांगलीच दाखवली. आणि त्यांना तुम्ही काय दाखवणार म्हणा — आल्या आल्या खिशातून खडी काढून काउंटरवर ठेवली की नाही? ती बघा, तिथेच आहे अजून. कालव्याच्या काठावरची खडी आहे ती. मुद्दाम आणलीय. म्हणे, कशावरून चालवायची ते दुकानदाराला हातात घेऊन बघता यायला नको? हिवाळ्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही, दादा. घरापासून मोठ्या पुलापर्यंत डांबर, पुलाखालून कालव्याच्या काठानं ही खडी, आणि पुढे टाक्यांपर्यंत नुसती माती — पाऊस झाला की चिखल. पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर आहेत ना हे, शहराला जे पाणी येतं, तुमच्या त्या नळाला येतं ते, यांच्या हाताखालून येतं. तर रस्ता असा तीन तऱ्हेचा. बारीक टायरची घेतली तर खडीत घसरणार, डोंगरातली जाड टायरची घेतली तर डांबरावर ओढता ओढता जीव जाणार, म्हणून ही मधली, सायक्लोक्रॉस. बघा, मलासुद्धा पाठ झालंय. डिस्क ब्रेकच का? तर चिखल झाला की रिमचे ब्रेक धरत नाहीत. हँडल वाकडंच का? तर कालव्यावर समोरून वारा येतो, वाकून चालवता येते. मडगार्ड बसवायला भोकं हवीत, नुसत्या शर्यतीवाल्या सायकलींना ती नसतात. कॅरियर हवं, डबा कुठे ठेवणार? जेवताना तेच, दात घासतानाही तेच — तोंडात फेस आणि बोलणं गिअरचं. लेकीनं फोनवर विचारलं, आई, बाबा सायकल घेतायत का दुसरं लग्न करतायत? हसलो आम्ही. खूप हसलो त्या दिवशी.

का घेतायत म्हणजे? तुम्हाला काय सांगितलं त्यांनी? व्यायाम? हं. वाटलंच मला. अहो, गाडी चालवायची बंदी आहे त्यांना. झटका आला होता. केंद्रावर, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत — खुर्चीवरून खालीच आले. काय ते फेफरं म्हणतात ना, तेच, पण तो शब्द घरात काढायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. घरी आले, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आयुष्यात कुणाला लिफ्ट मागितली नाही हो या माणसानं. लोकांना सोडायला जाणारा माणूस हा.

तेव्हापासून मी सोडते. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. आणि शेजारी बसून काय काय ऐकायचं म्हणाल — क्लच सोड, क्लच किती वेळ दाबून ठेवतेस, अगं तो वळतोय, दिवा दिसत नाही का त्याचा! आणि पाय! तिथे ब्रेक आहे का काही? नाही. पण यांचा पाय सारखा दाबतोय. पायाखालची रबरी चटई झिजली हो त्या जागी, खोटं नाही सांगत. मी दातांच्या दवाखान्यात आहे, काउंटरला. पेशंट बाहेर दात धरून उभे आणि दवाखान्याची किल्ली माझ्याकडे, मी मात्र त्या मातीच्या रस्त्यात गाडी मागे घेतेय आणि हे खाली उतरून हातवारे करतायत. नाकी नऊ आले माझ्या. मग एके दिवशी सिग्नलला, मागचे सगळे हॉर्न मारतायत, गाडी बंद पडलेली, आणि हे म्हणाले, आधी न्यूट्रल कर. मी ओरडले — एवढं येतंय ना, तर घ्या एक सायकल आणि जा आपले आपण! घ्या सायकल! झालं. रागाच्या भरात बोलतं हो माणूस. घरी गेल्यावर मला वाटलं, आता अबोला. तर हे टेबलाशी बसून रस्त्याचा नकाशा काढतायत. म्हणाले, तू बोललीस ते अगदी बरोबर आहे, मला सुचलंच नव्हतं.

म्हणजे ही सायकल माझीच करणी. आणि खरं सांगू का, आता तुमच्यापाशी काय लपवायचं — मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. म्हटलं सकाळी पाच मिनिटं बसून चहा पिता येईल. गरम चहा. कुणी शेजारी ब्रेक दाबत नाहीये. मी मनातल्या मनात त्यांना कालव्यावरून लावूनसुद्धा दिलं होतं, पाठीमागनं हात करून. अशी बायको आहे मी. काळजी पण मला आणि घाई पण मलाच.

मग आता कुठे माशी शिंकली, असंच ना? नाही, ते मोठं नाही झालं परत. गोळ्या वेळेवर घेतात, त्याबाबतीत काही बोलायला जागा नाही. पण बारकं होतं. ते त्यांना कळत नाही, दादा, तीच तर पंचाईत आहे. बोलता बोलता थांबतात. पडत नाहीत, हलत नाहीत, डोळे उघडे, बोटं तेवढी चाळा करत असतात. हाक मारा, हलवा, काही नाही. मग आपोआप परत येतात आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथून पुढे बोलायला लागतात. मधलं गेलेलं त्यांच्या लेखी गेलेलंच नाही. पहिल्यांदा सांगितलं मी, तर म्हणाले, मी विचार करत होतो. दुसऱ्यांदा सांगितलं तर हसले — तुला आता सगळीकडे तेच दिसतं. तिसऱ्यांदा मात्र घाबरले. इतके घाबरले की दुसऱ्या दिवशी केंद्रावर एकेकाला गाठून विचारलं, मी मध्येच थांबतो का रे? आता साहेबांना तोंडावर कोण हो म्हणणार? सगळे म्हणाले, छे छे, काहीतरीच काय. त्यांच्यातला तो म्हातारा पंपवाला मला फाटकापाशी भेटला तेव्हा माझ्याकडे बघेना. त्याच्या तशा बघण्यावरूनच कळलं मला. पण हे घरी आले ते अगदी खुशीत. सगळ्यांना विचारलं मी, म्हणाले, तुला भास होतात. तेव्हापासून मी तोंड उघडायचं सोडलं.

आणि मग डॉक्टर. गेल्याच आठवड्यात. यांनी सगळं नीट मांडलं त्यांच्यापुढे — गर्दीचा रस्ता थोडाच आहे, पुढे कालव्यानं वाहनच नाही, वेग कमी, हेल्मेट घालीन. डॉक्टर म्हणाले, मधे काही झालं का? हे म्हणाले, काही नाही. खोटं नाही बोलले ते, त्यांच्यापुरतं खरंच होतं ते. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तुम्ही सांगा, तुम्ही सोबत असता. आणि यांनी पण माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला काय म्हणू, दादा? अहो, एवढा मोठा माणूस, आणि माझ्या तोंडाकडे असा बघत होता की — जमलं नाही मला. मी आपली पर्सची चेन लावत बसले. लागत नव्हती म्हणून लावत बसले. डॉक्टरांना वाटलं, काही सांगण्यासारखं नसेल. ठीक आहे म्हणाले, सायकल चालवा, जपून चालवा. दवाखान्यात रोज बघते मी, पेशंट कधी खरं सांगत नाहीत, आणि सोबत आलेले तर त्याहून नाहीत. मनात नावं ठेवते मी त्यांना. आता कुणाला ठेवू?

कालव्याला कठडा नाही, दादा. एका बाजूला झुडपं आणि दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. त्याच पाण्यावर नोकरी करतात ते, त्यांना त्याचं भय नाही, भय मला.

तर म्हणून तुम्ही सांगायचं. मी सांगितलं की भास. डॉक्टरांकडे परत जायचं तर मला कबूल करावं लागणार की मी गप्प बसले, आणि त्यांनी नाही म्हटलं की घरी येऊन हे परत त्या बाल्कनीत. मला नाही बघवत हो ते. तुमचं काय, तुम्ही माप नाही म्हणालात की विषय संपला, कुणावर राग नाही, कुणाचा दोष नाही. दुसऱ्या दुकानात जातील म्हणता? जातील ना. तिथेही जाईन मी. तिथल्या स्टुलावर बसेन. काय करू, तुम्हीच सांगा! लेकीला सांगितलं तर ती म्हणते, आई, तूच त्यांना नीट समजाव. नीट म्हणजे कसं ते नाही सांगत कुणी. तुम्ही नुसते ऐकताय, तेच बरं वाटतंय मला.

ते बघा. काचेतून बघा, त्या कोपऱ्याला. हेच ना? हेच. ताठ बसलेत कसे. मान आखडल्यासारखे गाडीत बसायचे माझ्या शेजारी, आणि आता बघा. एक हात सोडला! अहो, कुणाला हात करतायत? आपल्यालाच. करा, तुम्हीपण करा हात. किती दिवसांनी असे दिसतायत. असं वाटतं, घेऊनच द्यावी. घेऊन द्यावी आणि मग रोज संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसावं. नाही, नाही. दादा, माप. लक्षात आहे ना? फ्रेमचं माप.

अहो, या, या! झाल्या दोन फेऱ्या? म्हटलंच होतं मी यांना. घामाघूम झालात की. उतरा तरी — बरं, नका उतरू, बसूनच सांगा. हं. मैदानाच्या मागे खडी होती? अरे वा. मागचं चाक अजिबात घसरलं नाही? वा. आणि ब्रेक? हो, भोकं आहेत मडगार्डला, मी पण बघितली. आम्ही? आम्ही काय, असंच, दवाखान्याचं सांगत होते मी. दादा काहीतरी म्हणत होते मापाबद्दल. हो ना, दादा? — बरं, आधी तुमचं होऊ दे. पुढच्या टायरचं काय? हं, पुढचा टायर...

दादा. हळूच या इकडे. तिकडून हँडल धरा. पडणार नाहीत, पाय टेकलाय, पण धरा तुम्ही. हेच. हेच ते. हळू कशाला बोलताय, मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू जात नाहीये. बघा ना, डोळे माझ्याकडेच आहेत. बोटं बघा, ब्रेक दाबतायत, सोडतायत. संपेल आता. आत्ता हे पुलाखाली असते तर? अहो, मी आहे हं, इथेच आहे — ऐकू जात नाही, तरी म्हणते मी असं. झालं. येतायत.

हं, जरा रुंद वाटतो म्हणता पुढचा टायर. वाटू दे. — दादांनी हँडल का धरलंय म्हणून विचारताय? अहो, ऐका माझं. शांतपणे ऐका. आत्ता झालं तुम्हाला. आत्ता, इथे, टायरचं बोलता बोलता. नाही, भास नाही. हसू नका. या वेळी मी एकटी नव्हते, या दादांनी पाहिलंय. विचारा त्यांना. विचारा ना, ते ना तुमच्या हाताखालचे, ना माझ्या माहेरचे, त्यांना काय पडलंय खोटं बोलायला? — दादा, विचारतायत हे तुम्हाला. सांगा. ब्रेककडे काय बघताय, ब्रेक चांगला आहे हो. पाहिलंत ना तुम्ही? माझ्याकडे नका बघू, त्यांच्याकडे बघून सांगा. दादा? बोला ना...