जिनोने भाजलेला गणपती

मी मूळचा पेणचा, आणि पेणचा म्हटलं की लोक लगेच म्हणतात, अरे वा, मूर्तिकार, तिथूनच माझी पंचाईत सुरू होते बघा ताई. कारखान्यात मी साचेवाला. साच्यात माती दाबायची, मूर्ती सोडवायची, सांधे पुसायचे, झालं. मातीच्या गोळ्यातून गणपती उभा करणं, डोळे आखणं हे मालकाचं काम, ते माझ्या हातात कधी आलंच नाय. पण लग्न जमवताना आईने मूर्तिकार सांगितलं, मग बायकोला, सुप्रियाला, आयटीत ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला, मी मागोमाग आलो, तर इकडे मेलबर्नच्या कडेला, पॉइंट कुकच्या मराठी मंडळींतही तेच. मी खोडून काढलं नाय. तोंडाला कुलूप लावून बसायची सवय माझी, काय सांगू तुम्हाला.

इकडे आधी गोडाऊनमध्ये लागलो, तिथून जिनोकडे. जिनो म्हणजे इटालियन शिल्पकार, ऐंशीच्या घरातला, आमच्या नव्या वसाहतीपलीकडच्या जुन्या वस्तीत राहतो. संगमरवराच्या डोंगराखालचं त्याचं गाव, बाप खाणीत, हा पोरवयापासून थडग्यांवरचे देवदूत कोरायचा, मग बोटीने मेलबर्नला आला आणि इथेही पोटासाठी थडगीच. स्वतःचं काम मात्र वेगळंच, भलामोठा दगड, मध्ये भोक, बाजूला वाकलेली बाई, तिला तोंड नाय. मला आधी काही कळायचं नाय. त्याची अशी एक बाई काउन्सिलने बागेत बसवली होती, पुढे पार्किंग करायचं म्हणून उचलून परत त्याच्या दारात आणून टाकली. तिच्यावरची पानं तो रोज हाताने झाडायचा, झाडू लावायचा नाय. मी त्याचे साचे करायचो, आणि त्याने कधी विचारलं नाय मूर्तिकार का साचेवाला, मेट, म्हणजे दोस्त, म्हणायचा आणि कॉफी द्यायचा.

मग कोविड आला, लॉकडाऊन लागला, जिनोची कामाची शेड बंद. त्या वर्षी भारतातून मूर्ती येईनात. सुप्रिया म्हणाली, घरात मूर्तिकार असताना आपल्याला कसली काळजी. बसलो गॅरेजमध्ये माती घेऊन. पोट जमलं, सोंड काही जमेना. आमची आर्या येऊन बघते आणि म्हणते, डॅड, इज दॅट अ टीपॉट? सुप्रिया हसली नाय, नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते जास्त लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी जिनोला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, फोटो पाठव आणि माती माझ्या पोर्चवर ठेवून जा.

म्हातारा कामाला लागला ना ताई! रोज व्हिडिओवर दाखवायचा, आज कान, आज बोटं, आणि सारखं विचारायचा, हा उभा कुठे राहणार, ऊन येतं का तिथे, कोणी हलवणार तर नाय ना. आता काय सांगायचं? की दीड दिवसाने आम्ही याला पाण्यात सोडणार आणि माती करणार? ती दारातली बाई माझ्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, नो वरीज, घरात, चांगल्या जागी. एकदा त्याने मूर्ती उलटी करून आतून पोकळ केलेली दिसली, मला वाटलं वजन कमी करतोय.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणायला गेलो. उचलला तसाच चरकलो. टिचकी मारली तर टण्ण वाजला. म्हाताऱ्याने भट्टीत भाजला होता, आतून पोकळ केला तो त्यासाठीच! मास्कच्या वर त्याचे डोळे नुसते हसत होते. म्हणतो, कच्चा कसा देणार, आता शंभर वर्षं काही होत नाय याला. मी थँक यू म्हणून आलो.

झूमवर आरतीला सगळे म्हणाले, वा मूर्तिकार. या वेळी मात्र मी सांगून टाकलं, हा जिनोचा, मला येत नाय. आरती पुढे चालू झाली. दीड दिवसाने बाप्पाला गॅरेजमध्ये बादलीत सोडलं. धातूच्या मूर्तीला नुसतं पाणी दाखवून परत ठेवतात, पण आमच्या घरात मातीचा गेला की गेला, परत काढायला सुप्रियाचा हात धजेना, माझाही नाय. दुसरा दिवस, तिसरा दिवस, बाप्पा बादलीत जसेच्या तसे.

आणि जिनो आला. फिरायला निघाला होता, आर्यासाठी झाडाची लिंबं घेऊन. गॅरेज उघडं. मी धावतोय तोवर आर्या ओरडली, नोनो, ही वोन्ट मेल्ट! नोनो म्हणजे इटालियनमध्ये आजोबा, ती त्याला तेच म्हणते. तो बादलीजवळ गेला, बघत राहिला. मग मला सगळं सांगावं लागलं, माती, पाणी, पुढच्या वर्षी पुन्हा. माझी मान वर होईना. तो म्हणाला, मला सांगायचं होतंस रे. मी रडलो असतो, पण कच्चा ठेवला असता.

तो गणपती त्याने घरी नेला, त्या दगडाच्या बाईशेजारी ठेवलाय. पुढच्या वर्षी परत लॉकडाऊन, त्याने परत गणपती केला, कच्चा. विसर्जनाला आमच्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसला, टोपी काढली, आधी सोंड गेली, मग हात, आणि म्हातारा खरंच रडला हो, अगदी लहान पोरासारखा, आणि मी बादली धरून उभा. आता त्याचा हात थरथरतो. सोंड मी वळवतो, तो शेजारी बसून नाय नाय म्हणतो. त्याच्याकडे बघून बोलायची लाज अजून वाटते मला. देव त्याला सुखात ठेवो.