रविवारची सकाळची बोट

कोर्चुला बेटाच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसलेल्या दुन्याच्या कानावर रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं. फ्राना लेकीकडे निघाली होती आणि पेरिना तिला सोडायला आली होती.

"तुझ्याकडे कोण उतरलंय म्हणे?"

"झाग्रेबची पोरगी आहे. एकटीच. एका रात्रीपुरती."

"मग याच बोटीनं जाईल ना?"

"नाही जात. मी सांगून टाकलंय तिला, रविवारी सकाळची बोटच नसते."

"पेरिना! या वयात थापा मारतेस?"

"काल माझ्या पायरीवर बसून नुसता पाव खात होती गं. माझ्या दारात! मग उजाडताच निखारे पेटवले आणि लोखंडी झाकणाखाली ऑक्टोपस शिजत लावला, बटाटे घालून."

"निखारे? तुझा निकोला गेल्यापासून पहिल्यांदाच ना?"

"मग! एकटीपुरता कोण एवढा घाट घालतं?"

"आणि ती इथे येऊन टपकली तर?"

"कशाला येतेय! घोरतेय अजून. तू तिकीट घे बाई, मला जाऊन बटाटे परतायचेत."

पेरिना लगबगीनं घरी गेली, फ्राना बोटीत चढली. तेवढ्यात एक मुलगी खिडकीशी आली. बोलण्यावरून झाग्रेबची.

"संध्याकाळच्या बोटीचं एक तिकीट द्या. आणि इथे केक कुठे मिळेल हो? जेवायला जायचंय."

दुन्यानं तिकीट फाडायला घेतलं. पण खिडकीत बसून खोटं वागणं तिला जमेना.

"अहो, ही समोर उभी आहे ती सकाळचीच बोट. जागाही आहे."

"दिसतेय ना मला. पण आजी म्हणाल्या, आज सकाळची बोटच नसते."