हवालदाराच्या बायकोची ओटी

"जप करताना कान मिटावेत," असं सासूबाई सांगायच्या. पण वाशीच्या बसथांब्यावर शेजारच्या दोघी जावांचं बोलणं ऐकू आलंच.

"आक्का, सकाळी हवालदाराच्या बायकोकडून ओटी भरून घेतलीत? तक्रार मागं घ्या म्हणाली ना ती?"

"व्हय. सवाष्णीची ओटी परत धाडत्यात व्हय?"

"मग आता ठाण्याच्या कोर्टात हवालदाराविरुद्ध कशा बोलणार?"

"तोंडानं. ओटी पदरात घेतली, तोंडात न्हाई."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. मी बी लगेच तिची ओटी भरली. खण, नारळ, समदं."

"तिची?"

"चौकीत तुझ्या भाऊजींचा हात तिच्या नवऱ्यानं मोडला, तिनं न्हाई."

"भाऊजी काय म्हणाले?"

"त्यांना शब्द दिलाय, पाहिलं तेवढं सांगणार."

ठाण्याची बस आली. हवालदाराच्या बायकोनं लावलेलं कुंकू कपाळावर तसंच ठेवून आक्का शांतपणे चढल्या.