काळी मेंदी

न्हाई मॅडम, आज न्हाई व्हायचं. आज कानामागं डायचा थेंबभर लावून बघते, दोन दिवस तिथं पानी लागू देऊ नका, परवा या – काही उठलं न्हाई तर तासाभरात सगळं डोकं करून देते. उद्या गॅदरिंग हाय, म्हाईत हाय मला. नव्या हेडमास्तरीन बाईंचे फोटो निघनार, चौकात फ्लेक्स लागनार, आनि कपाळावर हे पांढरं दिसाया नको – संस्थेचे साहेब म्हनले ना? म्हनले असतीलच. तिसगावात दुसरी पार्लरं न्हाईत का, पन शाळेतल्या बाईला ते माझ्याकडंच धाडतात. गाळा त्यांचा हाय हा. बसा, उठू नका. का न्हाई म्हनते ते ऐका, मग ठरवा.

तुमच्या आधी हेडमास्तरच्या खुर्चीवर राजेश्वरी बाई बसायच्या खऱ्या, पन नशिबात न्हवतं. मूळच्या अकोले तालुक्यातल्या, डोंगराकडच्या, हितं गोरक्षनाथ भाऊंना दिलेल्या. दहावीला गनित. बत्तिसाव्या वर्षीच केस पांढरे व्हाया लागले, आनि त्यांना त्याचं काहीच न्हवतं – अंबाड्यात लाल पेन खोचायचा आनि वर्गावर जायचं. मग एकदा साहेबांनी हापिसात बोलावलं. म्हनले, बाई, ॲडमिशनला पालक येतात तवा समोर कोन दिसतं? शाळा थकल्यासारखी वाटते. आता साहेबांचं स्वतःचं डोकं कापसावानी पांढरं, पन त्यांच्या पांढऱ्याला अनुभव म्हनतात. तवापासून बाई दर तिसऱ्या आठवड्याला माझ्याकडं. डोक्याला डाय, वर प्लास्टिकची टोपी, आनि मांडीवर पेपरांचा गठ्ठा – हितंच तपासायच्या. एकदा एका पोरीच्या पेपरावर काळा थेंब पडला, तर बाईंनी त्याच्या शेजारी लिहिलं, 'ही चूक माझी आहे.' असल्या बाई.

दोन वर्षं नीट चाललं. मग खाज. मी म्हनले, तेल लावा. मग एका दिवाळीत दोन्ही पापन्या सुजून डोळे झाकले. नगरला कातडीच्या डॉक्टरकडं गेल्या, त्यानं कागदावर लिहून दिलं – काळा डाय परत कधीच न्हाई, कुठल्याच रूपात न्हाई, श्वास बंद पडू शकतो. तो कागद घेऊन बाई माझ्याकडं आल्या. म्हनल्या, "रुपाली, हा तुझ्याकडे ठेव. मी कधी हट्ट केला तर मला काढून दाखव." या ड्रॉवरात ठेवला हुता मी. हितं. तुमच्या गुडघ्याशी.

चार महिने काही लावलं न्हाई त्यांनी. अर्धे काळे, अर्धे पांढरे, तशाच जायच्या. बोललं कोनीच न्हाई हो, नुसतं एकेक काढून घेतलं. आधी फ्लेक्सवरचा फोटो गेला. मग दहावीचा वर्ग गेला, मागच्या खोलीत हजेरीची रजिस्टरं लिहाया बसवलं. आनि उन्हाळ्यात हेडमास्तरची जागा निघाली. सोमवारी मुलाखती. शनिवारी सकाळी मला साहेबांचा फोन – बाई येतील, नीट करून दे, सोमवारी नगरची मानसं बसनार हायत. आनि म्हनले, गाळा आपलाच हाय म्हनून हक्कानं सांगतो. एवढंच. आवाज चढवला न्हाई, काही न्हाई.

दुपारी बाई आल्या. खुर्चीत बसल्या, आरशात बघत राहिल्या. म्हनल्या, "बिनकेमिकलचं काही असतं का गं?" कागद मागितला न्हाई त्यांनी. मी पन काढला न्हाई. काळ्या मेंदीचं पाकीट काढलं – हिरवं असतं, वर पानं काढलेली – म्हनलं, हे हर्बल हाय, ह्याला काही हुत न्हाई. बाईंनी डोळे मिटून घेतले. माझ्यावर विश्वास हुता त्यांचा.

मला म्हाईत न्हवतं. सगळ्यांना हेच सांगितलं मी – पोलिसाला, भाऊंना. पाकिटावर लिहिलंय हर्बल, मी काय शाळा शिकलेली हाय का. पन नगरच्या ज्या दुकानातून माल आनते तिथले नूरमहंमदभाई, त्यांनी मागंच सांगितलेलं – ताई, मेंदी आपोआप काळी हुत नसती, डायमधलंच असतं त्यात, पाकीट तेवढं हिरवं. सांगितलेलं मला.

वीस मिनिटं झाली नसतील, ओठ सुजले. म्हनल्या, घसा आवळतोय. मी धुतलं, चार चार बादल्या वतल्या. भाऊ जीप घेऊन आले, मी मागं बसले, बाईंचं ओलं डोकं माझ्या मांडीवर. नगरच्या वाटेवरचा करंजीचा घाट संपायच्या आत आवाज बंद झाला. छातीचा भाता हलतोय का बघत हुते मी, आनि – खोटं कशाला बोलू – मला केस दिसत हुते. एकसारखे काळे आले हुते. मातीला आलेल्या बाया म्हनत हुत्या, किती तरनी दिसती बाई.

तेराव्याच्या नंतर भाऊ हितं आले. दारातच उभे राहिले. म्हनले, "ताई, डॉक्टरनं न्हाई म्हनलं हुतं, हे तिनं तुला सांगितलेलं का?" मी न्हाई म्हनले. कागद मी आदल्या रात्रीच गॅसवर धरला हुता. भाऊ "बरं" म्हनले आनि गेले.

हे कोनाला म्हाईत न्हाई. तुमाला का सांगितलं मी. तुमी असं बघू नका मॅडम.

काय? परत बोला. मागच्या वेळी खाज सुटलेली? कुठं, कानाजवळ? आनि पापन्या? बघू – हितं अजून चट्टा हाय की. आनि हे तुमी आता सांगता.

उठा. थेंबसुद्धा न्हाई लावायची मी, कानामागं पन न्हाई. हे अंगावरचं कापड द्या हिकडं. साहेबांना मी सांगते – व्हय, मीच सांगते, गाळा सोडाया लावतील तर लावू द्या, माझी शिवनमशीन हाय. तुमी घरी जावा. उद्या हायत तशा उभ्या रहा फोटोला. कोन काय म्हनंल ते म्हनंल, बाई, तुमचा जीव –

चप्पल घाला नीट. चालल्या पन.

मॅडम, खोली तुमची स्टँडकडं हाय ना? तिकडं कुठं चाललात? तिकडं नुसतं किराना दुकान हाय, दारातच ती हिरवी पाकिटं टांगलेली असतात.

मॅडम.